अर्धी पिवळी बांधी

आमच्या बांधीतले अर्धे पऱ्हे मी मारले होते. यंदाच्या आषाढापर्यंत हे वाक्य मी कोणासमोर उच्चारलं नव्हतं. बायकोसमोर नाही, मित्रांसमोर नाही, देवळात एकटा उभा असतानासुद्धा नाही. आता कागदावर पाहतो तर ते फार लहान दिसतं. 'पऱ्हेच ना,' असं कोणी म्हणेल. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं तेच म्हणत आलो.

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आमच्याकडे धान आधी एका बांधीत दाट टाकतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला शेताचा तुकडा. रोपं वीतभर वाढली की ती उपटायची, पेंढ्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बाकीच्या बांध्यांमध्ये नेऊन रोवायची. म्हणजे वर्षभराचा भात सुरुवातीला एका छोट्याशा चौकोनात असतो. तो चौकोन गेला की सगळं गेलं, असं नाही. पण माणसं त्याच्याकडे तशाच नजरेनं पाहतात.

मी आता गोंदियाजवळ कुडव्याला राहतो. फुलचूरच्या रस्त्यावर मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे, रोज दुचाकीवरून जातो-येतो. गाव आमगावच्या पुढं; तिथली शेती अजून आहे, हंगामाला जावं लागतं. घराशेजारचा प्लॉट कोणीतरी घेऊन ठेवला आहे आणि बांधत नाही. दोन सरी पडल्या की तिथं गाजरगवत उठतं. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं, आणि वर पांढरी बारीक फुलं, कोणी लाह्या उधळल्यासारखी. समोरच्या दुकानदाराला ते आवडतं. "दिखने में तो बढ़िया है भैया," म्हणतो. दिसायला चांगलंच आहे. मी मात्र त्या बाजूची खिडकी लावून घेतो. त्याचा वास मला बाधतो, हातांवर पुरळ येतं. डॉक्टर म्हणतात, पुष्कळांना येतं. ते खरंही आहे. माझ्या पुरळाचा माझ्या पापाशी काही संबंध नाही; तसा असता तर फार स्वस्तात सुटलो असतो.

पऱ्ह्यांच्या दिवसांना एक वेगळाच वास असतो. भिजवलेलं धान बारदान्यात बांधून घरातल्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं. त्यात हात घातला की आत कोमट लागतं, ताप आलेल्या लेकराच्या पोटासारखं. गोडसर, किंचित आंबूस वाफ येते. एक दिवस दाण्यांना पांढरे टोकदार मोड दिसतात, आणि घरातलं बोलणं बदलतं. आवाज खाली येतात. आई चुलीशी भांडी आपटणं बंद करायची. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, सारखा आभाळाकडे पाहायचा आणि कोणी विचारलं की, "पाहून राहिलो बा, दुसरं का करू," म्हणायचा.

आमच्या घरची एक रीत होती. बांधीत धानाची पहिली मूठ घरच्या मोठ्या सुनेनं टाकायची. आजीनंतर आईनं टाकली, आणि दादाचं लग्न झाल्यावर पुस्तकला वहिनीनं. मी तेव्हा शाळेत होतो. वहिनी मला बाबू म्हणायची, आजही म्हणते, माझे केस पांढरे झाले तरी. तिच्या हाताबद्दल गावात बोललं जायचं. तिनं लावलेलं लागते, असं. शेजारपाजारच्या बाया दोडक्याचं, वालाचं, भोपळ्याचं बी पदराच्या गाठीत बांधून आमच्या दारात यायच्या. "पुस्तकले, चल वो, माह्या वाडीत चार आळे लावून दे. माह्या हातानं मुंग्याच खातेत." वहिनी हातातलं काम ठेवून जायची. परत येताना कधी तिच्या ओटीत दोन कांदे, कधी मूठभर मोहफुलं असायची. त्या मोबदल्याला किंमत नव्हती. किंमत त्या बोलावण्याला होती. ती लांबच्या गावाहून आली होती, बापाच्या घरी काही नव्हतं, आणि आमच्या गावात तिला स्वतःचं असं जे काही मिळालं होतं, ते हे होतं. तिचा हात.

दादा एका हिवाळ्यात गेला. कावीळ म्हणून सुरू झालं आणि नंतर काय काय निघत गेलं. तो आजारी होता तेव्हा शेताकडे कोणी पाहिलं नाही. बाबा खाटेवर होते. मी गोंदियाला दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला. उन्हाळ्यात अवकाळी दोनतीनदा पडला आणि पऱ्ह्यांची बांधी, जी गावाजवळ आणि जरा उंचावर आहे, ती गाजरगवतानं भरून गेली. कंबरेपर्यंत. लांबून पाहिलं तर पांढऱ्या फुलांची बागच.

दादा असता तर हे झालं नसतं. तो फुलं यायच्या आधीच गाजरगवत मुळापासून उपटायचा. हाताला जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. "फुलू देलं का मंग झालं, बाबू," म्हणायचा, "मंग तू नाई उपटत त्याले, ते तुले उपटते." उपटलेलं तो बांधीत ठेवत नसे. पार पलीकडे, बोडीच्या म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या मागं, खडकाळ जागा होती, तिथं नेऊन टाकायचा. मला ती त्याची सवय वाटायची. सवयीमागं कारण असतं हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आमच्या घरात फार सांगत नसत.

मृग लागायच्या सुमारास मी सुटी काढून गेलो. नवीनच लग्न झालं होतं माझं, कल्पना घरी आली होती, आणि दादाच्या जागी आता मी, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. दोन बाया लावून गाजरगवत कापलं. त्याचा ढीग बांधीच्या बोडीकडच्या अर्ध्यात पडला, कारण तिकडून ते बाहेर न्यायचं होतं. तेवढ्यात भाड्याचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरला पुढं दुसरीकडे जायचं होतं, तो घाई करत होता. ढीग उचलून बोडीमागं न्यायचा तर दुपार गेली असती. माझे हात एव्हाना खाजत होते. आणि मला एक गोष्ट आठवली. काही दिवसांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका बैठकीत मी मागं बसून ऐकलं होतं, की हिरवळीचं खत म्हणजे फार चांगलं, धैंचा गाडा, गिरिपुष्पाचा पाला गाडा, जमीन सुधारते. मी मनात म्हटलं, हिरवं ते हिरवं.

ड्रायव्हरला विचारलं, "याले आतच घालू का?"

तो म्हणाला, "तुम्हारी मर्जी, भाऊ. हरा तो है. खाद बन जाएगा."

मग आम्ही तो सगळा ढीग, फुलांसकट, बोडीकडच्या अर्ध्या बांधीत पसरला आणि रोटाव्हेटर फिरवला. थोड्या वेळात काही दिसेना. वरून भुसभुशीत काळी माती. मला फार समाधान वाटलं. दादाला इतकी वर्षं हे सुचलं नाही, असंही वाटलं. ते वाटणं लिहितानाही मला पेन थांबवावं लागलं, पण ते वाटलं होतं.

पहिली मूठ कोणी टाकायची, यावर घरात कुजबुज झाली. दादाला जाऊन वर्ष झालं नव्हतं. देवकाबाई, आमच्या रोवणीच्या बायांची म्होरकी, आईला म्हणाली, "यंदा तिचा हात नोको लावू वो बाई. नव्या सुनेले सांग." आईनं ऐकलं नाही. आई कडक बाई होती, पण त्या दिवशी म्हणाली, "माह्या लेकाच्या माघारी तिचा हातही काढून घेऊ का?" आणि वहिनीच्या हातात टोपली दिली. वहिनी रडली नाही. पदर खोचून बांधीत उतरली. पहिली मूठ बोडीकडून टाकायची रीत, म्हणून ती तिकडून सुरू झाली आणि तिनं तो अर्धा भाग टाकला. आईनं गावाकडचा अर्धा टाकला, कारण वहिनीला मधेच तिच्या धाकट्या पोरीनं हाक मारली आणि ती धुऱ्यावर गेली. इतकं साधं होतं ते.

पंधरवड्यानं आई सांगायला लागली की काहीतरी बरोबर नाही. मी पुढच्या सुटीला गेलो तेव्हा बांधीत मधोमध रेघ ओढावी तसं झालं होतं. गावाकडचा भाग हिरवा, पोपटाच्या पिसासारखा. बोडीकडचा पातळ, ठिकठिकाणी उगवलाच नाही, आणि उगवला तो पिवळा. वहिनीचा अर्धा.

धुऱ्यावर चार बाया उभ्या होत्या. देवकाबाई म्हणाली, "सांगून राहिली होती मी." बाकीच्या तिघींनी हो ला हो केलं. आई खाली बसली. एकदम म्हातारी दिसली. "मीच चुकली," म्हणाली. वहिनी जरा बाजूला उभी होती, तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. म्हणजे सगळे न पाहण्याची काळजी घेत होते.

मी बांधीत उतरलो. एक पिवळं रोप उपटलं. मूळ बोटाच्या पेराएवढंसुद्धा नव्हतं आणि टोकाला तपकिरी, उदबत्तीनं चटका दिलेल्या दोऱ्यासारखं. जिथून रोप उपटलं तिथंच, चिखलात, एक देठ दिसला. अर्धवट कुजलेला, पण पानांची कातर अजून ओळखू येत होती. वासही तोच, कडवट. मी एका क्षणात समजलो. शास्त्र मला माहीत नव्हतं, पण रेघ कुठं आहे आणि रोटाव्हेटर कुठं थांबला होता, हे मला माहीत होतं.

मी तो देठ पायानं परत चिखलात दाबला.

एवढंच केलं. कोणी पाहिलं नाही. आईनं वरून विचारलं, "का गा, तुले का वाटते?" आणि मी म्हणालो, "बियाणं तर एकच होतं, आई. पाणीही एकच."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. बियाणं एकच, पाणी एकच, दिवस एकच. मग वेगळं काय होतं? हात. मी हात हा शब्द उच्चारला नाही, तो बाकीच्यांसाठी ठेवला. खोटं न बोलता खोटं कसं बोलायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण ते पहिल्याच वेळी बिनचूक जमलं.

पुढं आमगावकडच्या एका नातेवाइकाकडून उरलेसुरले पऱ्हे आणले आणि रोवणी झाली, उशिरा. वहिनी नेहमीसारखी पेंढ्या घेऊन बायांच्या रांगेपुढं आली. एरवी हातातून हातात पेंढी जायची, थट्टा चालायची, गाणी चालायची. त्या दिवशी वहिनीनं पेंढी पुढं केली तर समोरच्या बाईनं हात धुतल्यासारखं केलं. वहिनीनं पेंढी पाण्यात ठेवली. बाईनं मग ती पाण्यातून उचलली. दुसरीनंही तसंच केलं. कोणी ठरवलेलं नव्हतं. वहिनीनं तीनचार पेंढ्या अशा पाण्यात ठेवल्या, मग हात पदराला पुसले आणि घरी गेली. त्यानंतर ती रोवणीला आली नाही. तिच्या दारात बियांच्या गाठी घेऊन येणं बंद झालं.

पुढच्या वर्षी पहिली मूठ कल्पनानं टाकली. बांधी एकसारखी हिरवी आली. येणारच होती, वर्षभरात विष पावसात धुऊन गेलं होतं, गवत कुजून माती झालं होतं. पण गावाला ते सिद्धच झालं. सासूनं सुनेच्या हाताची तारीफ केली, नारळ दिला. कल्पना गोंदियात वाढलेली, तिला धान आणि गवत लांबून सारखंच दिसायचं. ती फार खूश झाली. आता खरं सांगायचं तर एका बाईचा हात परत द्यायला दुसरीचा काढून घ्यावा लागणार होता. हेही मी कारण म्हणून वापरलं. अशी कारणं मिळत जातात, पावसाळ्यात अळंबी मिळते तशी.

नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं. हराळी असो, सावा असो, त्यांचं पिकाशी भांडण उघड असतं. ऊन खातात, पाणी खातात, जागा खातात. दिसतं आणि निंदून काढता येतं. गाजरगवताचं तसं नाही. त्याच्या पानात, फुलात, मुळात कडू विष असतं. पान गळलं, देठ कुजला, अंगावरून पावसाचं पाणी ओघळलं की ते मातीत उतरतं. त्या मातीत दुसरं बी नीट रुजत नाही. रुजलं तर त्याचं मूळ पुढं सरकत नाही. वर पाणी आहे, खत आहे, ऊन आहे, आणि रोप पिवळं पडत जातं. तेच गवत फुलायच्या आधी उपटून खड्ड्यात नीट कुजू दिलं तर त्याचं चांगलं खत होतं, असंही कळलं. म्हणजे मी फार काही चुकलो नव्हतो. थोडा उशीर आणि थोडी घाई. पण ओलं, फुललेलं गवत गाडलं होतं, आणि गाडलं की तण दिसत नाही. दिसतो तो शेवटचा ज्याचा हात तिथं लागला तो माणूस.

इथं एक उपमा समोर येऊन उभी राहते, की गप्प बसणंही असंच मातीत उतरतं वगैरे. ती मी घेत नाही. गवताला हेतू नसतो. मला होता.

चारपाच वर्षांपूर्वी मी कुडव्याच्या घराच्या छतावर एक प्रयोग केला. शेजारच्या प्लॉटमधलं गाजरगवत आणून बादलीत भिजवलं. दोन ताटल्यांत धानाचे दाणे ओल्या फडक्यावर ठेवले. एकीत नळाचं पाणी, दुसरीत बादलीतलं. कल्पना वाळवण घालायला वर आली.

"अहो, हे का करून राहिले तुमी? दुकान सोडून धानाले काढा पाजून राहिले का?"

"पाहून राहिलो."

"पहा पहा. खोकला झाला असंल त्याले."

नळाच्या पाण्यातल्या दाण्यांना पांढरी केसाळ मुळं आली, एकमेकांत गुंतली. दुसऱ्या ताटलीत काही दाणे फुटलेच नाहीत, आणि फुटले त्यांच्या मुळांची टोकं तपकिरी. तोच चटका. मी ती ताटली बराच वेळ हातात धरून बसलो. नवीन काही कळलं नव्हतं. बहुधा मला आशा होती की प्रयोग फसेल.

मग या वर्षी ती दुपार आली. पऱ्हे टाकून झाले होते, मी गावी होतो, वहिनीच्या ओसरीवर बसलो होतो. ती जुन्या घराच्या एका बाजूला राहते, पोरींची लग्नं झाली. मागं तिची वाडी आहे, दोडक्याचा मांडव असा लगडलेला की खालून जाताना डोकं वाकवावं लागतं. गल्लीत नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी आली. हातात रुमालाची गाठ. "काकू, दोडक्याचं बी आणलं. तुमचा मांडव पाह्यला ना, म्हटलं तुमच्याच हातानं लावून घेऊ." वहिनी उठली. इतकी पटकन उठली की मी दचकलो. इतक्यात रस्त्यावरून देवकाबाई जात होती, तिनं त्या मुलीला बाजूला बोलावलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मुलगी परत आली, माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलंच नाही. "काकू, मी नंतर येते. घरी दूध ठेवलं गॅसवर." आणि गाठ घेऊन गेली.

वहिनी परत खाली बसली. पावशीवर म्हणजे विळीवर वास्ते चिरत होती, बांबूचे कोवळे कोंब. ते दिवसच वास्त्यांचे. तिचा हात थांबला नाही. चकत्या एकसारख्या पडत राहिल्या.

मी म्हणालो, "वहिनी, ते पऱ्हे माह्यामुळे मेले होते."

"कोन्ते पऱ्हे?"

"दादा गेला, त्याच्या नंतरच्या साली."

मग सगळं सांगितलं. गवत, ट्रॅक्टर, देठ, पाय. आईला काय म्हणालो ते. वहिनी चिरत राहिली. सांगून झालं तेव्हा तिनं वास्ते पाण्यात टाकले, हात धुतले, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग?"

मी म्हणालो, "मंग काही नाही. तुले सांगाचं होतं."

"मले कायले सांगून राहिला, बाबू? मले का माहीत नव्हतं माहा हात कसा आहे तो? मागं मांडव पाहून राहिला नाही का तू? इतके वर्षं त्याच्याखालून वाकून जाऊन राहिला."

"तरी..."

"तरी का? तुह्या पोटातलं ओझं माह्या ओसरीवर ठेवून जातो का? ज्यायनं म्हटलं त्यायले सांग. धुऱ्यावर म्हटलं होतं ना? तिथं सांग." जरा थांबून म्हणाली, "अन आईले कसं सांगशील? आई मरेतोवर माह्या हातचं पाणी घेताना आधी माह्या हाताकडे पाहे. म्हणत काही नव्हती. पाहे."

 आई जाऊन सहा-सात वर्षं झाली. मी उठलो तेव्हा वहिनी म्हणाली, "जेवून जा. वास्ते शिजवून राहिली." मी जेवलो. कसे लागले विचारलं तर सांगता येणार नाही.

कल्पनाला कुडव्याला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्याही हातात काही नव्हतं." मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, "तसंच तर आहे जी. तो नारळ फुकटचा खाल्ला मी." आणि उठून आत गेली. 

रोवणी लागली. मी धुऱ्यावर उभा राहिलो. रांगेतल्या बहुतेक बाया आता नव्या आहेत. कोणी सून, कोणी दुसऱ्या गावची, ठेक्यानं आलेल्या. त्या सालच्यांपैकी एक देवकाबाईच होती, तीही रोवायला नाही, नुसती हुकूम सोडायला. चहाच्या वेळी सगळ्या धुऱ्यावर बसल्या तेव्हा मी बोललो.  गाजरगवत मी गाडलं होतं, पऱ्हे त्यानं मेले, पुस्तकला वहिनीच्या हाताचा काही दोष नव्हता.

नव्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं विचारलं, "कोन वो पुस्तकला?" दुसरी म्हणाली, "ते मांडववाली. जिच्या हातानं बी लावत नाहीत." पहिली म्हणाली, "काऊन नाही लावत?" तर दुसरीला सांगता आलं नाही. "काय मालूम. तसंच आहे आमच्याकडे."

देवकाबाई हसली. "हे कायचं काढून राहिला गा तू? किती जुनं झालं ते. कोणाले आठवते आता. चहा दे इकडे."

मी म्हणालो, "आठवत नाही तर परवा त्या पोरीले काऊन परत पाठवलं, मावशी?"

 ती कपातला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "आमी चार जणी होतो तिथं त्या दिवशी. मी एकटीच नव्हती बोलली." म्हणाली ते खरं होतं. त्यातली एक आता लेकाकडे आमगावला राहते. एक गावातच आहे, तिला ऐकू कमी येतं, तिच्याशी ओरडून बोलावं लागेल. तिसरी गोंदियाला, माझ्या दुकानापासून फार लांब नाही. मी तिच्या गल्लीवरून रोज जातो. त्यांनी आपापल्या सुनांना सांगितलं असणार, आणि सुनांनी त्यांच्या सुनांना, कारण न सांगता.

वहिनीला मी रोवणीच्या संध्याकाळी सांगायला गेलो की धुऱ्यावर बोललो. ती मांडवाखाली होती. "ऐकलं," म्हणाली.  पुढच्या साली पहिली मूठ तू टाक, असं मी म्हणालो. तिनं दोडका तोडला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी कोणी तरी बी घेऊन येऊ दे दारात. मंग पाहू."

हे लिहून होईपर्यंत पऱ्ह्यांची बांधी रिकामी झाली आहे, त्यात पाणी साचलं आहे. शेजारच्या प्लॉटमधलं गाजरगवत मी फुलायच्या आधी काढायला पाहिजे होतं, फुललं. आईला मी आता काही सांगू शकत नाही, ते तसंच राहील. बाकी तीन घरं आहेत. त्या तिन्ही घरी जाऊन, त्यांच्या सुनांसमोर, मला हे सांगायचं आहे. अजून एकाही घरी गेलेलो नाही.